नातीचं खरं कोणी सांगायचं

त्या वर्षी मी जर्मनीत बॉबलिंगेनला, मुलाकडे गेले तेव्हा नात मला घ्यायला विमानतळावर आली नव्हती. दर खेपेला यायची. मुलगा म्हणाला, "तिची परीक्षा आहे, आई." त्याच वेळी सून म्हणाली, "तिला जरा सर्दी झालीय." दोघांनी गाडीत एकदम दोन कारणं सांगितली, तेव्हाच मला कळलं की तिसरंच काहीतरी आहे.

घरी पोचलो तर ती आपल्या खोलीत होती. चौदा वर्षांची मुलगी. उंचीनं माझ्यापुढे गेलेली, पण अंगावर मांस नाही. मला बघून उठली, पाया पडली, "आजी" म्हणाली आणि पुन्हा पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. बाहेर लख्ख ऊन पडलेलं आणि तिच्या खिडकीचं शटर खालपर्यंत ओढलेलं.

मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, सून कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघं सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. मी तीन महिन्यांच्या व्हिसावर जायची. स्वयंपाक करायचा आणि नातीशी गप्पा मारायच्या, एवढंच माझं काम. गप्पा म्हणजे मी मराठीत बोलायचं आणि तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. माझं सगळं तिला समजायचं. तिचं मला समजायचं नाही, पण हो की नाही ते आवाजावरून कळतं, आणि फारच अडलं तर ती मोडकंतोडकं मराठी बोलायची. वर्षानुवर्षं आमचं असं छान चाललं होतं. त्या खेपेला मात्र ती बोलेचना.

सुनेनं दुसऱ्या दिवशी भांडी लावता लावता सांगितलं. हिवाळ्यापासून सुरू झालं. आधी शाळेतून अर्ध्यातून परत यायची. पोट दुखतं, डोकं दुखतं. मग जाणंच बंद. लहान मुलांच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, सगळं ठीक निघालं. तेव्हा तो म्हणाला, हे शरीराचं नाही, मनाचं दुखणं आहे, आणि त्यानं मनाच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी दिली.

"मग नेलं का?" मी विचारलं.

"चिठ्ठी मिळाली म्हणजे डॉक्टर मिळाला असं नसतं हो आई इथं."

मी आधी माझ्या पद्धतीनं बघितलं. मोहरी, मीठ, लाल मिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली आणि ते सगळं तव्यावर टाकलं. छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही केकाटायला लागला की खालच्या मजल्यावरचा म्हातारा पायमोज्यांवर सँडल घालून धावत वर आला. त्याला काय सांगणार? मी टॉवेल हलवत उभी, तो खिडक्या उघडतोय, दोघांचेही डोळे वाहताहेत. नात खोलीच्या दारात आली आणि हसली. "आजी, आता बंब येणार," म्हणाली. तेवढीच एकदा हसली. दृष्ट काढून दुसरा काही उपयोग झाला नाही.

सून रोज दुपारी डॉक्टर शोधायची. तिथले मनाचे डॉक्टर आठवड्यातून तासभर फोन उचलतात. बाकीच्या वेळी मशीन बोलतं. एकाची वेळ मंगळवारी, एकाची गुरुवारी. ही ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावायची. एक म्हणाली नवीन पेशंट घेत नाही. दुसरी म्हणाली फक्त लहान मुलं घेते. तिसरीनं वार्टेलिस्टमध्ये, म्हणजे वाट बघणाऱ्यांच्या रांगेत, नाव घातलं आणि सांगितलं, पुढच्या वसंतात फोन करा. जर्मनीत सगळं वेळेवर होतं असं मी ऐकून होते. वेळेवरच होतं म्हणा, फक्त वेळ पुढच्या वर्षीची होती.

एकदा ती घरी येऊन चपला न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आई, इथं रडायचं असलं ना, तर बीप वाजेपर्यंत थांबावं लागतं."

तिच्यासारखा नेट मी कुणात पाहिला नाही. पुढं जे झालं त्यात तिची चूक सांगावी लागणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

शेवटी मुलांच्या मनाच्या दुखण्यांच्या मोठ्या दवाखान्यात एक भेट मिळाली. कुणीतरी येणार नव्हतं, ती जागा हिला दिली. घरात एकदम लगबग. आदल्या दिवशी सुनेनं नातीचे केस धुतले, सोडवले. किती गुंता निघाला! सकाळी वेणी घातली. मुलानं शर्टाला इस्त्री केली. मग त्यानं फाइल काढली. शाळेची प्रगतिपुस्तकं, गणिताच्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्र, पियानोचं, पोहण्याचं, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत ओळीनं.

"हे कशाला?" नातीनं विचारलं. जर्मनमध्येच, पण बोट फाइलकडे होतं.

"त्यांना कळू दे ना तू कशी आहेस ते," मुलगा म्हणाला. "आणि हे बघ, नीट ताठ बस. विचारलं तर उत्तर दे. घाबरायचं नाही."

"आणि घरी आम्ही भांडत वगैरे नाही, हेही विचारतील," सून म्हणाली. "तर तसं काही नाहीच आहे, ते सांग."

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की असंच चालतं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मीच म्हटलं, "तो मळका स्वेटर नको, पिवळा घाल. चेहरा उजळ दिसतो."

तिनं पिवळा घातला.

दोन तासांनी परत आले. मुलानं येताना बेकरीतून केक आणला होता. "छान झालं, आई. डॉक्टर म्हणाला, तुमचं कुटुंब फार चांगलं आहे. मुलगी हुशार आहे, सहकार्य करते."

"आणि औषध काय दिलं?"

"औषध नाही लगेच. म्हणजे, त्यांनी यादीत घेतलंय. शरद ऋतूत बोलावतील. तातडीचं काही दिसत नाही म्हणाले."

केक कापला. नातीनं बशी घेतली आणि खोलीत गेली. भांडी घासताना केक जसाच्या तसा ओल्या कचऱ्याच्या डब्यात सापडला, वरून कागदी रुमाल टाकून झाकलेला. मी डबा हलवून बघितला. खाली कालची पोळी, परवाचा भात. ताटात वाढून घ्यायची, खोलीत न्यायची आणि टाकून द्यायची.

आपल्याकडे "ठीक आहे" म्हटलं तर समोरचा दुसऱ्यांदा विचारतो, ठीक म्हणजे कसं? खोदून खोदून विचारतो, नको इतकं विचारतो. चांगलं सांगणाऱ्याचं अर्धं सोडून द्यायचं हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. तिथला डॉक्टर एकदा विचारतो आणि तुम्ही जे म्हणाल ते लिहून घेतो. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. आमची माणसं नोकरीच्या मुलाखतीला जावं तशी गेली होती, आणि पास होऊन आली. पास झालं म्हणून मुलगी रांगेत मागं गेली.

हे मला तेव्हाच कळलं असं नाही. ते पुढच्या प्रकारानंतर कळलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. नात येऊन समोर बसली. आपण होऊन आली म्हणून मी तिच्यापुढे थोड्या शेंगा सरकवल्या. तिनं हात लावला नाही. तिच्या कानामागं केसांत एक टक्कल पडलेलं दिसलं. वेणीत ते झाकलं गेलं होतं.

"उपटतेस?" मी विचारलं.

मान हलवली.

"दुखत नाही?"

ती जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मग थांबली आणि मराठीत म्हणाली, "दुखतं. ते चांगलं वाटतं."

माणसाचं तोंड बघून काही गोष्टी कळतात. मी सुरी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मरावंसं वाटतं का तुला?"

"हो."

"आजच वाटलं की रोज वाटतं?"

"रोज. आज जास्त."

मी रडले नाही, तिला रागावलेही नाही. तिचा हात धरला आणि म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस. आता मी तुझ्या आईला बोलावते. ती येईपर्यंत तू इथंच बस, माझ्यासमोर." ती बसली. हात सोडवून घेतला नाही. मी दुसऱ्या हातानं फोन लावला.

सून म्हणाली, "आई, मी मीटिंगमध्ये आहे, अर्ध्या तासानं..."

"मीटिंग सोड. पोरगी मरायच्या गोष्टी करतेय. आत्ता निघ."

मुलाला तिनंच कळवलं. दोघं पाठोपाठ आली. सुनेनं आधी मुलांच्या डॉक्टरकडे फोन केला. तिथल्या बाईनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की असं असेल तर यादीबिदी काही नाही, फोनही करत बसू नका, सरळ त्याच मोठ्या दवाखान्यात तातडीच्या दारी जा, त्यांना बघावंच लागतं. हे दार पहिल्यापासून उघडंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही तसं काही आहे हेच कुणाला सांगितलं नव्हतं.

मला घरीच ठेवून निघाले होते. नात माझा हात सोडेना, म्हणून मीही गाडीत बसले.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, मला वाटतं तू हिला चिंचवडला घेऊन जा. दोन महिने वातावरण बदलेल. तुझ्या हातचं खाईल."

"माझ्या हातचं ती इथंही खात नाही," मी म्हटलं. "आणि आपल्या सोसायटीत जिना चढेस्तोवर चार जणं विचारतील, दहावीला किती टक्के पाहिजेत म्हणून. गाडी चालव."

तिथं पांढरा कोट वगैरे घातलेलं कुणी नव्हतं. आखूड पांढऱ्या केसांची एक बाई आली, पायात सपाट चपला, तीच डॉक्टर. या वेळची वेगळी होती. चार खुर्च्या होत्या, ती पाचवी घेऊन आली. तिनं नातीला काहीतरी विचारलं. नात खाली बघत बसली. मग आईबापांना विचारलं. मुलानं सुरुवात केली. मला शब्द कळत नव्हते, पण त्याचा तो इस्त्री केलेला आवाज ओळखीचा होता. मध्ये मध्ये 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, चाललेलं. शाळा, गणित, पियानो, पुन्हा तेच.

बाईनं त्याला हात करून थांबवलं आणि एक प्रश्न विचारला. सून माझ्याकडे वळली. "त्या विचारतात, दिवसभर हिच्याजवळ घरी कोण असतं."

"मी."

बाईनं खुर्ची उचलून माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याकडे बघून बोलली, जसं काही मला जर्मन येतंच. सुनेनं सांगितलं, "आई, तुम्ही काय बघितलंत ते सांगा म्हणतात."

मी सांगितलं. "सकाळी उठत नाही. आंघोळ करत नाही, मागच्या वेळी इथं आणायचं होतं म्हणून आईनं घातली. ताट घेते आणि कचऱ्यात टाकते, मी डबा बघितलाय. केस उपटते, कानामागं बघा. दुखलं की बरं वाटतं म्हणते. आणि आज सकाळी मला म्हणाली की रोज मरावंसं वाटतं, आज जास्त."

सुनेनं बाईला जर्मनमध्ये सांगितलं. मला भाषा येत नाही, पण लांबी कळते. माझी एवढी वाक्यं, तिचं एक झालं. तेही हसून. ओठ थरथरत होते आणि ती हसत होती.

तेवढ्यात नातीनं डोकं वर केलं. "नाइन," म्हणाली. "दास हाट आजी निश्ट गेझाग्ट."

आजी असं म्हणाली नाही. हे मला नंतर सांगितलं, पण त्या क्षणी कळलंच होतं. आणि मग ती बोलायला लागली. सावकाश, खाली न बघता. माझ्याकडे बोट करायची, कानाकडे न्यायची. मुलगा मध्ये काही बोलायला गेला तर बाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सून दोन्ही हातांत तोंड धरून बसली होती.

तिनं काय सांगितलं ते मुलानं मला पुढं केव्हातरी सांगितलं. आधी तिनं माझं सगळं शब्दाशब्दानं सांगितलं, कचऱ्याच्या डब्यासकट. मग म्हणाली की मागच्या वेळी आले तेव्हाच मी सांगणार होते. ठरवून आले होते. पण त्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा आई आधी बोलली, मग पप्पा बोलले, मग फाइल उघडली. ती फाइल बघून मला वाटलं, या मुलीला काही होऊ शकत नाही. मग मी गप्प बसले.

नंतर बाहेर सून मला म्हणाली, "आई, माझ्या तोंडून ते वाक्य निघेना हो. मी मुद्दाम नाही केलं. आजी काळजी करते, मुलगी जरा थकलीय, एवढंच निघालं."

"कळलं मला," मी म्हटलं. "आईच्या तोंडून नाहीच निघायचं ते."

डॉक्टरबाईनं नातीशी एकटीशी बराच वेळ बोलून घेतलं आणि आम्हाला सांगितलं की आज हिला घरी पाठवता येणार नाही. जागा आहे. आईबाप दोघांची सही लागेल. सुनेनं पेन घेतलं आणि सही केली. मुलगा उठून बाहेर गेला.

मी मागं गेले. तो खिडकीशी उभा होता.

"आई, हे वेड्यांचं हॉस्पिटल आहे."

"मुलांचं आहे. भिंतीवर चित्रं आहेत."

"थट्टा करू नकोस. पुढं कॉलेज, नोकरी, रेकॉर्डवर राहील हे. इथली आपली माणसं काय म्हणतील? मराठी मंडळात सगळ्यांना..."

"तिला आज घरी नेलंस तर तिच्यावर नजर कोण ठेवणार? मी चार मिनिटं डोळा मिटला तर? मी म्हातारी आहे, मला नाही जमायचं. तुला जमेल?"

त्यानं कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं.

"रस्त्यावर पाय मोडला असता तर कुठं नेलं असतंस? चिंचवडला?"

"तू ते सगळं बोललीस म्हणून हे झालं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "चल, सही कर."

त्यानं तोंड धुतलं आणि आत जाऊन सही केली. वाईट बाप नाही तो. घाबरलेला होता, आणि घाबरला की तो फाइल लावायला घेतो. शाळेत असल्यापासून तसाच आहे.

तिला तिथं ठेवलं तेव्हा पट्टा, फोन, आरसा, सगळं काढून घेतलं. मला ते आवडलं. निदान कुणाचं तरी लक्ष आहे. भेटायला दुपारी तासभर सोडायचे. जेवताना एक बाई मुलांच्या टेबलावर बसायची आणि त्यांच्याबरोबर जेवायची, नुसती पहारा करायची नाही. मी लाडू नेले तर तिनं आधी स्वतः एक खाल्ला, भुवया उंचावल्या आणि मग डबा आत जाऊ दिला. पहिले काही दिवस नात माझ्याशीसुद्धा बोलायची नाही. एकदा रागानं म्हणाली, "तुझ्यामुळं मी इथं आहे." मी म्हटलं, "हो, माझ्यामुळं आहेस." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. पोरगी चिडली म्हणून भेटीची वेळ सोडायची नसते.

आठवड्यातून एकदा आईबापांना बोलवायचे. बाईनं सांगितलं, आजीही पाहिजे. मला वाटलं मला काही विचारणार. काही विचारलं नाही. नियम एवढाच होता की नातीला प्रश्न केला तर तिच्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या खेपेला बाईनं विचारलं, कशी आहेस, आणि सून बोलायला लागली. मग मुलगा. मग मीसुद्धा, मराठीत, "आज बरी दिसते" म्हणून. बाईनं तिघांना हात करून थांबवलं, आणि तास तसाच गेला.

माझा व्हिसा संपत आला तोवर ती तिथंच होती. बरी झाली का, असं इथं लोक मला विचारतात. ताप उतरावा तसं हे उतरत नाही. पुढं तिला दिवसा दवाखान्यात आणि रात्री घरी असं केलं, दवाखान्यातच शाळा असते तिथं जायला लागली, मधूनच घसरली, पुन्हा ठेवावं लागलं. पण हे सगळं मी निघून आल्यावरचं.

मी निघायच्या आधी शेवटची बैठक झाली. नात त्या मळक्या स्वेटरमध्ये आली होती. केसांना कानामागं बारीक कोंब फुटलेले. बाईनं विचारलं, कशी आहेस. कुणी बोललं नाही. मुलानं दोन्ही हात मांडीखाली घालून ठेवले होते आणि मान खाली. सुनेनं ओठ आत घेतले होते. मला खोकला येत होता, तो मी दाबून धरला.

"श्लेष्ट," नात म्हणाली. म्हणजे वाईट. तेवढा शब्द मला तोवर येत होता.

मुलाची मान झटकन वर आली. मला वाटलं, बोलला हा आता. नाही बोलला. तिच्याकडे बघत राहिला. बाईनं विचारलं, वाईट म्हणजे कसं? नातीनं पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली आणि सांगायला लागली. ती जर्मनमध्ये सांगत होती आणि तिचे आईबाप ऐकत होते. मला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जे तिला सांगायचं होतं ते त्यांना सांगायचं होतं.